थंडीतलं परडं: कुणाला झोपवायचं, कुणाला उठवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घट बसले की माझ्याकडे प्रश्न यायला लागतात. कोण भाजीच्या गाडीपाशी अडवतं, कोण हळदीकुंकवाला आलेलं असताना कुंडी दाखवायला नेतं. बरेचसे प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदाचे लिहूनच ठेवते. माझं सासर बेळगावात, अनगोळच्या तांबड्या मातीत. माहेर निपाणीकडचं, काळ्या रानाचं. त्यामुळे दोन्ही मातींशी भांडून झालंय. खानापूर-जांबोटीकडच्यांनी आणि चिकोडी-अथणीकडच्यांनी वाचताना आपापल्या पावसाचा हिशेब धरावा. एकच जिल्हा, पण घाटाकडे जून-जुलैत कपडे वाळत नाहीत आणि अथणीत त्याच दिवसांत लोक ढगाकडे बघत बसलेले असतात.

परदेशात थंडीच्या आधी बाग "झोपवतात" म्हणे. आपणही तसंच करायचं का?

माझ्या भाच्यानं कॅनडातून व्हिडिओ पाठवला होता. वाफ्यांवर पानांचा जाड थर, गुलाबाच्या बुडाशी मातीचा ढीग, पाण्याची नळी गुंडाळून आत ठेवलेली. "आत्या, आता मार्चपर्यंत सुट्टी," म्हणाला. तिकडं माती गोठते, नळीत पाणी राहिलं तर नळी फुटते, तेव्हा त्यांचं बरोबरच आहे.

आपल्याकडे माती गोठत नाही. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १२-१४ अंशांवर येतो, थंडीची लाट आली तर काही दिवस दहाच्या आसपास. उलट चार महिने चिखलात बुचकळलेली बाग आत्ता कुठे मान वर करते. मेथी, गाजर, कोबी, वाटाणा, गुलाब, शेवंती यांची हीच सुगी. झोपणारी मंडळी मोजकी आहेत: हळद, आलं, सुरण, मोगरा, आणि आंबा. आंब्याला तर आपण मुद्दाम झोपवायचं असतं, ते पुढे सांगते.

तेव्हा काम एवढंच की झोपलेल्याला पाणी घालून उठवायचं नाही आणि जाग्याला उपाशी ठेवायचं नाही. बिघडतं ते इथंच. संध्याकाळी एक नळी घेऊन आपण सगळ्या परड्याला सारखंच भिजवत सुटतो.

कामाला नेमका हात कधी घालायचा?

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत. पण पंचांगापेक्षा मातीकडे बघा. आपल्याकडे ऑक्टोबरात परतीचा पाऊस हमखास झोडपतो, दुपारी कडकडाट करून तासाभरात वाफा सपाट करून जातो. हस्ताच्या पावसात धणे पेरले तर ते शेजारच्या गटारीत उगवतात, मी बघितलेत.

पाऊस थांबल्यावर वाफसा येऊ द्या. मूठभर माती उचलून दाबा. लाडू झाला आणि बोटानं टोचल्यावर भुगा पडला तर खणा. लाडू चिकटून राहिला, बोटाचा ठसा उमटला तर अजून चार दिवस थांबा. तांबड्या मातीला दोन-तीन दिवसांत वाफसा येतो, काळीला आठ-दहाही लागतात. काळी माती ओली असताना कुदळ मारली तर अशी ढेकळं होतात की पुढचे दोन महिने तीच फोडत बसायचं. माझ्या वडिलांचा मुलांवर हात कधी उठला नाही, पण ओल्या रानात पाय घातला की ओरडायचे.

खणताना पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघाल्या. काय करू?

हुमणी आहे. पावसाळाभर मुळं खाऊन ती या दिवसांत चांगली गलेलठ्ठ झालेली असते. औषध शोधत बसू नका. माती वर-खाली करून सकाळी दोन तास उघडी ठेवा, साळुंक्या आणि कावळे वाटच बघत असतात. कोंबड्या असतील तर प्रश्नच मिटला. शेणखताच्या ढिगातही अशाच पण जास्त मोठ्या अळ्या सापडतात, त्याही वेचून काढा.

मातीत काय घालायचं? किती?

चार बाय दहा फुटांच्या वाफ्याला एक भरगच्च बुट्टी कुजलेलं शेणखत, म्हणजे साधारण ८-१० किलो, आणि पाव किलो निंबोळी पेंड. चुलीची राख असेल तर दोन मुठी भुरभुरवा, त्याहून जास्त नको. तांबड्या मातीतलं सत्त्व पावसानं धुऊन नेलेलं असतं, तिला हे दरवर्षी लागतं. काळीला खताची भूक कमी, पण ती पुढं भेगाळते आणि भेगा पडताना मुळं तुटतात. म्हणून काळ्या मातीत खतापेक्षा वरचं आच्छादन महत्त्वाचं.

खत घेताना नाक आणि हात वापरा. चांगल्या कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, पावसाच्या पहिल्या सरीचा येतो. हातात घेतल्यावर गार लागतं, कडबा ओळखू येत नाही. एका वर्षी घाईत मी ट्रॅक्टरची अर्धी ट्रॉली घेतली. वरून काळंभोर, आत हात घातला तर भट्टी. तरी पसरलं. कोबीची रोपं आठवड्यात पिवळी पडली, आणि त्या खतातून आलेला लव्हाळा मी तीन वर्षं भांगलतेय. लव्हाळ्याची गाठ जमिनीत राहिली की तो परत येतोच.

भोगीच्या भाजीला सगळं घरचंच असावं अशी इच्छा आहे. कधी काय पेरू?

हा माझा आवडता प्रश्न. भोगी जानेवारीच्या १३-१४ला येते. तिथून उलटं मोजत यायचं.

गाजराला सव्वातीन महिने धरा, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बी पडायला हवं. नेमका तेव्हाच परतीचा पाऊस असतो. त्यामुळे सपाट वाफ्यात न पेरता वीतभर उंच वरंबा करा आणि बी टाकल्यावर वर भाताची पिंजर पातळ पसरा. अंकुर दिसले की पिंजर काढायची. काळ्या मातीत गाजराला दोन-दोन पाय फुटतात. वरंब्यात अर्धी वाळू मिसळलीत तर सरळ जातं, नाहीतर वाकडं खा, चवीत फरक नाही.

वांग्याचं रोप दसऱ्याच्या आत लागलेलं असावं. लावल्यापासून दोन-सव्वादोन महिन्यांत ते फळ देतं आणि पुढं मार्चपर्यंत देत राहतं. हरभरा ऑक्टोबरच्या मध्याला टोकला की भोगीला सोलाणे मिळतात. शेंडे खुडायला विसरू नका. खुडल्यानं फुटवे वाढतात आणि त्या शेंड्यांची भाजी होते ती वेगळीच. वाटाणा त्याच सुमारास. बेळगावच्या थंडीत तो सव्वादोन महिन्यांत शेंगेला येतो. वाटाण्याला वर चढायला तुरीच्या किंवा डाळिंबाच्या वाळक्या फांद्या रोवा, बारक्या फाट्यांना त्याचे तणावे छान धरतात. गुळगुळीत बांबूवरून घसरतात.

पावट्याचं मात्र उशिरा सुचून उपयोग नाही. आपला जुना वेलाचा पावटा पावसाळ्यातच लावावा लागतो. दिवस लहान व्हायला लागले की मगच तो फुलावर येतो. आता ऑक्टोबर असेल तर बुटका, झुडपी पावटा किंवा घेवडा लावून वेळ निभवा. मेथी, पालक, कोथिंबीर यांचं अजून सुद्धा टेन्शन नाही. मेथी महिनाभरात, पालक पाच आठवड्यांत, कोथिंबीर दीड महिन्यात. दर पंधरा दिवसांनी हातभर पट्टा पेरत गेलात तर जुडी तुटत नाही. एकदम सगळा वाफा पेरला की एका आठवड्यात गल्लीभर वाटत फिरायची वेळ येते.

तीळ तेवढे दुकानातून आणा.

कोथिंबीर उगवतच नाही.

धणे अख्खे पेरले असतील. एका दाण्यात दोन बिया असतात. चपलेच्या तळव्यानं किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर पाण्यात भिजवा, मग पेरा. आठ-दहा दिवस धीर धरा. आणि स्वयंपाकघरातले धणे जुने असतात, निदान या वर्षीचे आहेत का ते दुकानदाराला विचारा.

माझ्याकडे ऊन असायचं, आता नाही. शेजाऱ्यांनी काही बांधलंही नाही.

सूर्य दक्षिणेला सरकलाय. पावसाळ्यात तो जवळजवळ डोक्यावर असतो, डिसेंबरात बेळगावला भर दुपारी बारालाही क्षितिजापासून फक्त ५१ अंश वर येतो. म्हणजे दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेकडे आठ फूट पडते, आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून कितीतरी लांब. घराच्या उत्तरेला परडं असणाऱ्यांचा यात निम्मा वाफा जातो. तिथं पालक, पुदिना, अळू असलं सोसणारं लावा आणि टोमॅटो-मिरच्या-गुलाबाच्या कुंड्या घराच्या पुढं, दक्षिणेच्या बाजूला आणा. खडूनं सावलीची रेघ मारून ठेवा. मी एकदा गच्चीवर मारली होती, ती अजून पुसट दिसते आणि दर वर्षी कामाला येते.

दुधी, दोडका, काकडी यांचे वेल पिवळे पडलेत. उपटू?

हो, पण एकेक फळ बियाण्याला ठेवून. वेलावरच वाळू दे. दोडका आतून जाळी होईपर्यंत वाळला की बी खडखडतं, बी काढून घ्या आणि जाळी अंघोळीला वापरा. बी सावलीत वाळवून, राखेत घोळवून, झाकणाच्या डब्यात. डब्यावर वर्ष घाला. पानांवर भुरी किंवा करपा असलेले वेल खतखड्ड्यात टाकू नका.

झेंडू दिवाळीपर्यंत फुलून दमलेला असतो. तो उपटून फेकण्यापेक्षा तिथंच बारीक तोडून मातीत गाडा. मुळांत सूत्रकृमींच्या गाठी होणाऱ्या मातीत झेंडूची मुळं उपयोगी पडतात. त्या जागी पुढं टोमॅटो किंवा वांगं लावा.

तुळशीचं लग्न झालं की तुळस वाळायला लागते. दृष्ट लागते का?

दृष्ट नाही, दोन-तीन कारणं एकदम गाठतात. तुळस उबेतली. रात्री गार झाल्या की तिची पानं गळतात. त्यातच ती मंजिऱ्यांनी लगडलेली असते, बी धरलं की आपलं काम झालं असं झाड समजतं. आणि आपण? रोज सकाळी अंघोळ झाली की तांब्याभर पाणी. उन्हाळ्यात ते चालतं, थंडीत मुळं कुजतात. वर दूध, अक्षता, कुंकू.

लग्न झाल्यावर मंजिऱ्या खुडा, थोड्या बियांना ठेवा. पाणी दोन-तीन दिवसांनी, माती बोटभर खोल कोरडी असेल तरच. सासूबाई रोज पाणी घातल्याशिवाय राहत नसतील तर त्यांना चमचाभर घालू दे, त्या श्रद्धेशी वाद नको. कुंडी असेल तर पूर्वेचं ऊन मिळेल अशा भिंतीलगत सरकवा. वृंदावन जागचं हलत नाही, त्यावर रात्री जुनं धोतर नाहीतर सुती साडी टाका. प्लास्टिक नको. प्लास्टिकच्या आत दव साचतं, सकाळच्या उन्हात ते तापतं आणि शेंडे उकडून निघतात. बिया पेरून ठेवा, फाल्गुनात नवी रोपं तयार असतील.

हळदीचा पाला पिवळा पडलाय. काढू का?

अजून नाही. हळद मे-जूनमध्ये लावली असेल तर तिला आठ-नऊ महिने लागतात, म्हणजे जानेवारीचा शेवट, फेब्रुवारी. पाला पिवळा पडणं म्हणजे ती झोपेला आली, एवढंच. पानातलं सगळं ती खाली गड्ड्यात नेत असते. आत्ता पाणी हळूहळू कमी करा, काढायच्या आधी पंधरा दिवस पूर्ण तोडा. पाला वाळून आडवा पडला की जमिनीलगत कापा आणि आणखी तीन-चार दिवस थांबून मग खणा.

खणताना कुदळ झाडापासून वीतभर लांब घाला. पहिल्यांदा काढणारे सगळे गड्डे मधोमध चिरतात. माझेही चिरले होते, आणि हात आठवडाभर पिवळे. मातीचा गठ्ठा अख्खा उचलायचा, थोडा वाळू द्यायचा आणि जमिनीवर हलका आपटायचा. मग मधला जाडजूड जेठा गड्डा, त्याला चिकटलेली लांबट हळकुंडं, आणि खाली मुळांच्या टोकाला पांढऱ्या गाठी असं अख्खं कुटुंब दिसतं. जेठे गड्डे पुढच्या लागणीला ठेवा. घराच्या उत्तरेला, सावलीत, हळदीच्याच वाळक्या पाल्यात झाकून. हळकुंडं शिजवून वाळवा, घरापुरती असतील तर कुकरात होतात.

आल्याचंही तेच, फक्त ओलं आलं हवं असेल तर सहा महिन्यांनंतर एका कडेनं माती उकरून लागेल तेवढं मोडून घ्या आणि माती परत सारा. सुरणाचा दांडा दिवाळीनंतर आपोआप कोसळतो. लोक घाबरतात, रोग पडला म्हणून फोन येतो. झोपलाय तो. काढा, आठ दिवस सावलीत वाळवा, गोणपाटावर मोकळे ठेवा. जागा विसरायची भीती असेल आणि काढायचा नसेल तर तिथं काठी रोवा, नाहीतर मेथीसाठी खणताना तोच हाती लागतो.

मोगऱ्याला थंडीत फूल नाही. खत देऊ का?

नका देऊ. नोव्हेंबरच्या शेवटापासून पाणी तोडा. जानेवारीत गुडघ्याएवढा छाटा, उरलेली पानंही ओरबाडून काढा. बघवत नाही, पण करा. मग बुडाची माती उकरून आठवडाभर ऊन खाऊ द्या, शेणखत भरा आणि पाणी सुरू करा. मार्चमध्ये गजऱ्याला फुलं विकत आणावी लागणार नाहीत.

आणि गुलाब?

गुलाब उलटा. त्याला आत्ता उठवायचं. ऑक्टोबरच्या मध्याला, पाऊस उघडल्यावर छाटणी. वाळक्या, काळ्या पडलेल्या, आतल्या बाजूला वळलेल्या काड्या बुडातून काढा. बाकीच्या गुडघ्याच्या थोड्या वर, बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या जरा वर तिरक्या कापा. कात्री धारदार हवी, चेंगरलेल्या काडीला शेंड्याकडून मर लागते. कापावर मोरचूद-चुन्याची पेस्ट. कलमाच्या गाठीखालून आलेला फुटवा कितीही जोमदार दिसला तरी काढा, तो खालच्या रानटी खुंटाचा असतो. छाटल्यापासून सहा-सात आठवड्यांनी फुलं.

घरचा आंबा मोठा झालाय, पण मोहोर येत नाही.

त्याच्या बुडाशी पाणी जातंय का बघा.

आमच्या आंब्यानं पाच वर्षं छळलं. पाला गर्द हिरवा, मोहोर शून्य. कुणी म्हणालं मीठ घाला, कुणी म्हणालं बुंध्याला खिळा ठोका. शेवटी एका म्हाताऱ्या माळ्यानं न बोलता न्हाणीघराच्या मोरीकडे बोट केलं. तिचं पाणी बारा महिने आंब्याच्या आळ्यात जात होतं. फळ धरणाऱ्या आंब्याला पावसाळ्यानंतर दोन-तीन महिने ताण लागतो. पाणी मिळत राहिलं तर तो पालवीच काढत बसतो. आम्ही ती मोरी केळीकडे वळवली. पुढच्या थंडीत अर्ध्या झाडाला मोहोर आला, आणि केळीनं कधी नव्हे एवढा घड दिला.

फळं वाटाण्याएवढी झाली की मग पाणी सुरू करा. हे फक्त फळावर आलेल्या झाडांचं. तीन-चार वर्षांच्या रोपट्याला ताण देऊ नका. जानेवारीत ढगाळ हवा, धुई पडली की मोहोरावर तुडतुडे आणि भुरी येते. फुलोरा हलवून बघा, तुडतुडे उडाले तर निंबोळी अर्क मारा.

मावा पडलाय. निपाणीकडून आणलेल्या तंबाखूचं पाणी फवारू का?

माहेरची वस्तू असूनही नको म्हणते. तंबाखूतलं विष माव्यासारखंच मधमाशीलाही मारतं आणि फवारणाऱ्याच्या कातडीतूनही आत जातं. पालेभाजीवर तर अजिबात नाही. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. टोमॅटो, मिरची, वांगं ही तंबाखूच्याच भावकीतली. तंबाखूवरचा एक विषाणू पानं चितकबरी करतो, तो वाळक्या तंबाखूतही जिवंत राहतो आणि हातांवरून या झाडांना लागतो. तंबाखू मळून तसंच टोमॅटोला हात लावणाऱ्या आमच्या घरातल्या माणसांना मी आधी साबणानं हात धुवायला लावते.

त्याऐवजी ५० ग्रॅम निंबोळ्यांच्या गराची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यानं गाळा, चिमूटभर साबण विरघळवून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आठवड्यानं परत. वाटाण्याच्या पानांवर पांढरी पीठासारखी भुरी आली तर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम.

पाणी किती दिवसांनी?

पालेभाजीला एक दिवसाआड, कोबी-वांग्याला तीन-चार दिवसांनी, कुंडीला बोट घालून. सकाळी घाला. संध्याकाळी घातलेलं पाणी रात्रभर पानांवर राहतं आणि वर दव पडतं, मग रोग मागं लागतात. आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे मला हे आपोआपच जमलंय. आड आहे त्यांनी हात आखडता घ्यावा, मार्चमध्ये त्याच आडात वाकून बघायचंय.

आच्छादन घातलं तर निम्मं पाणी वाचतं. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाचा पाला फुकट पडलेला असतो. भाताची पिंजर, शेंगांची टरफलं, काहीही चालतं. दोन-तीन इंच जाड, पण खोडापासून चार बोटं लांब. तांबड्या मातीत वाळवी असते, ती पाल्याखालून खोडाला भिडते.

गळलेला पाला रोज पेटवून टाकते. राख खतच की!

मूठभर राखेसाठी बुट्टीभर खत जाळताय. कोपऱ्यात जुन्या कौलांचा नाहीतर जाळीचा चौकोन करा, पाला भरा, पाणी मारा, वर दोन पाट्या माती. पुढच्या पावसाळ्यानंतर काळं, भुसभुशीत पानखत. निलगिरीचा पाला त्यात नको. आणि सकाळच्या धुक्यात तो धूर जमिनीलगतच राहतो, शेजारचे आजोबा खोकत असतात.

बाजारात बी मागितलं की वेगळंच मिळतं.

बाजारातल्या कितीतरी भाजीवाल्या बायका कानडी बोलतात, आणि बियांच्या पाकिटावर नाव कानडीत. मेथी म्हणजे मेंत्ये, शेपू म्हणजे सब्बसगी, अंबाडी म्हणजे पुंडी, पावटा म्हणजे अवरी, दोडका म्हणजे हिरेकाई. मी नवी सून असताना "हिरेकाई" ऐकून हिरव्या काकडीचं बी समजून घेतलं होतं, मांडवावर दोडके लोंबायला लागल्यावर उलगडा झाला. भाकरीबरोबर कच्ची खातात ती हक्करकी म्हणजे आपली पाथरी. ती मात्र पेरावी लागत नाही, काळ्या रानात आपली आपण येते.

कढीपत्ता छाटू का?

आत्ता नाही. थंडीत तो फुटत नाही. फेब्रुवारीत छाटा.

डिसेंबरात दहा दिवस गावाला जायचंय. बागेचं काय?

कुंड्या एकत्र सावलीला आणा, एकमेकींना चिकटून ठेवल्या की कमी वाळतात. वाफ्यात भाजलेली, न झिलई केलेली छोटी मडकी गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर झाकण. मडकं पाझरत राहतं आणि आजूबाजूची हातभर माती ओली ठेवतं. निघायच्या आदल्या सकाळी सगळं पोटभर भिजवा, झोपलेली मंडळी सोडून.

आणि शेजारच्या अक्कांना फाटकाची किल्ली द्या. कोथिंबीर तुमचीच, असं सांगून जा. परत याल तेव्हा कोथिंबिरीच्या पट्ट्यात नुसते बुडखे असतील, पण टोमॅटो हिरवेगार असतील.